चौदाव्या दिवशीची सही

कारखानीसबाईंनी एखादा कागद मिळाल्या दिवशीच सही करून परत दिला, असं एक प्रसंग सोडला तर कधी झालं नाही. चहाच्या थर्मासचासुद्धा नाही.

मी स्टुटगार्टला आलो ते दोन हजार बाराच्या सुमाराला, ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. सहा महिन्यांच्या आत मराठी मंडळाच्या कमिटीत ओढला गेलो. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं. सात जणांच्या कमिटीत मला चिटणीस केलं आणि पहिल्याच मीटिंगचं इतिवृत्त लिहून अध्यक्षांची सही घेऊन यायला सांगितलं. ठराव एकच होता: कार्यक्रमांसाठी वीस कपांचा थर्मास घ्यावा. सातही जण बाजूने. आता यात अध्यक्षांनी वाचण्यासारखं काय असणार, असं मनाशी म्हणत मी बाईंच्या घराच्या त्या अंत नसलेल्या पायऱ्या चढलो. धापा टाकत कागद पुढे केला, पेनचं टोपणही काढून ठेवलं.

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग टेबलाशेजारच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, बोटाने दिवस मोजले आणि एका तारखेभोवती गोल केला.

"या दिवशी या. संध्याकाळी सहाला."

"काही चुकलंय का?"

"नाही. अजून कुणाला काही आठवेल."

थर्मासबद्दल चौदा दिवसांत कुणाला काय आठवणार? पण आठवलं. बाराव्या दिवशी कमिटीतल्या एकाला आठवलं की मंडळाचा जुना थर्मास त्याच्याच तळघरात पडलाय. चौदाव्या दिवशी सहाला बाईंनी सही केली आणि खाली टीप लिहिली: जुना सापडल्यास नवा घेऊ नये. मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने यात हसण्यासारखं काहीच घडलं नव्हतं.

बाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. लग्नाआधी नाशिकला एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या. नागरिकशास्त्र म्हणजे आपल्याकडे इतिहासाच्या पेपरातले शेवटचे काही मार्क. बाकीचे शिक्षक तो भाग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकायचे. बाई म्हणे जूनमध्ये तिथूनच सुरुवात करायच्या. यजमानांबरोबर त्या इकडे आल्या, इथल्या एका सरकारी कचेरीत कागद लावायच्या कामाला राहिल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, सडपातळ अंगकाठी, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, साडीवर राखाडी स्वेटर. बोलताना मध्येच "गेनाऊ" म्हणायच्या, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि ते समोरच्याला नव्हे, स्वतःलाच म्हणत असल्यासारखं वाटायचं.

त्यांची एक तऱ्हा मला कळायला बरेच दिवस लागले. कागद टेबलावर असेपर्यंत मी "चिटणीस" आणि "तुम्ही". कागद फाइलमध्ये गेला की लगेच "अरे तुषार, चहा घेतोस ना?" एकाच खुर्चीवर बसून त्या दोन माणसांशी बोलत.

मंडळाची घटना बाईंनीच लिहिली होती. इथे मंडळ काढायचं म्हणजे कोर्टात नोंदवायचं, आणि नोंदवायचं तर घटना हवी. बाकीची मंडळं दुसऱ्या कुणाची तरी घटना घेतात, नाव बदलतात आणि मोकळी होतात. बाईंनी तीन महिने बसून लिहिली. तिच्यातलं नववं कलम वाचून नोंदणीच्या खिडकीतल्या तरुण माणसाने म्हणे भुवया वर केल्या होत्या. ते कलम अध्यक्षांच्या नकाराधिकाराचं होतं. व्हेटो. पाऊणशे कुटुंबांच्या मंडळाला.

"मोठ्या देशांचे राष्ट्राध्यक्ष वापरतात ते आपल्याला कशाला?" मी एकदा विचारलं. कागद फाइलमध्ये गेला होता, म्हणून विचारायची हिंमत झाली.

बाईंनी टेबलावरच्या बशीतली तीन बिस्किटं उचलून ओळीने मांडली.

"हे बघ. कायदा संसद करते. अध्यक्ष करत नाही. पण शेवटचा कागद त्याच्याकडे येतो, आणि तेव्हा त्याच्यासमोर तीन वाटा असतात. पहिली, सही कर. दुसरी, कारणं लिहून परत पाठव. अमेरिकेत त्याला दहा दिवस मिळतात, रविवार सोडून. परत पाठवलं की दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर करायचं. तसं केलं की त्याचा नकार संपला, कायदा झाला. नाही जमलं तर कायदा मेला."

"आणि तिसरी?"

"तिसरी म्हणजे गप्प बसायचं. दहा दिवस काहीच केलं नाही आणि सभागृह चालू असेल, तर सहीवाचून कायदा होतो. सभागृह उठून गेलेलं असेल तर मरतो."

"आपल्याकडे? म्हणजे भारतात?"

"आपले राष्ट्रपती विधेयक एकदा परत पाठवू शकतात. संसदेने पुन्हा मंजूर केलं की सही करणं भाग. पण किती दिवसांत, ते कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे कागद पडून राहू शकतो. आणि इथले राष्ट्राध्यक्ष? त्यांच्या आवडीनिवडीला कुणी विचारत नाही. कायदा रीतसर झालाय का आणि घटनेत बसतो का, एवढंच बघतात. बसत नसला तर सही करत नाहीत. असं फार क्वचित होतं."

मग बाईंनी एक बिस्किट मला दिलं, एक स्वतः घेतलं आणि तिसरं बशीत परत ठेवलं.

"मी तिन्ही देशांचं थोडं थोडं घेतलंय. कमिटी ठराव करते. अध्यक्षाला मत नाही. चौदा दिवसांत सही करायची, नाहीतर लेखी कारण देऊन एकदाच परत पाठवायचं. सातांपैकी पाच जणांनी पुन्हा मंजूर केलं की अध्यक्षाने मुकाट्याने सही करायची. पाच नाही झाले तर तो विषय वर्षभर काढायचा नाही."

"आणि गप्प बसलं तर?"

"चौदा दिवसांनी आपोआप मंजूर. तेवढं एक कलम मला नाइलाजाने घालावं लागलं. अध्यक्ष आजारी पडला तर? पण धडधाकट माणसाने गप्प बसणं म्हणजे भित्रेपणा आहे. हो म्हण, नाहीतर नको म्हण आणि का नको ते लिही. लिहायला बसलं की निम्मे नकार आपोआप विरून जातात."

हे "का नको ते लिही" त्यांच्या तोंडी सारखं असायचं. आठ वर्षं त्या अध्यक्ष होत्या. त्या काळात त्यांनी तीन ठराव परत पाठवले, आणि तिन्हींचे कागद मीच नेले-आणले.

पहिला जेवणाचा. लोक कार्यक्रमाला उशिरा यायचे, नाटुकलं अर्धं झाल्यावर उगवायचे आणि जेवणाच्या रांगेत मात्र सगळ्यांत पुढे. कमिटी वैतागली. आमचे उपाध्यक्ष अमोल पाटणकर म्हणजे घाईचं काम. सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट सांभाळायचे आणि मंडळही तसंच हाकायचे. त्यांनी ठराव आणला: दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर करणाऱ्याला त्या दिवशी जेवण वाढू नये. सहा विरुद्ध एक. बाईंनी परत पाठवला. कारण लिहिलं: उशीर नेहमी माणसाचा नसतो, इथल्या लोकलचा, एस-बानचाही असतो. मराठी घरात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. कमिटीने पुन्हा तसाच मंजूर केला, पुन्हा सहा विरुद्ध एक. या खेपेला चौदा दिवसांचा प्रश्नच नव्हता. बाईंनी मीटिंगमध्येच पेन काढलं, सही केली आणि "गेनाऊ" म्हणाल्या.

त्यानंतरच्या दिवाळीत एस-बान मध्येच कुठेतरी थांबून राहिली आणि बाई अकरा मिनिटं उशिरा आल्या. कार्यक्रम झाला, पानं वाढली. बाई आपल्या पाण्याच्या ग्लासासमोर बसून राहिल्या. पाटणकर स्वतः ताट घेऊन आले. "अहो बाई, अकरा मिनिटं काय... तुमच्यासाठी नाहीये तो नियम."

"माझी सही आहे त्याच्यावर."

"पण तुम्ही तर विरोधात होतात."

"तो परत पाठवताना. नंतर तो मंडळाचा नियम झाला, म्हणजे माझाही झाला."

दीडशे माणसं चकली-अनारसे खात होती आणि अध्यक्षीणबाई पाणी पीत बसल्या होत्या. लोकांना घास गोड लागेना. पुढच्याच मीटिंगमध्ये पाटणकरांनी स्वतः तो नियम रद्द करायचा ठराव आणला. एकमताने मंजूर झाला. बाईंनी चौदाव्या दिवशी सही केली. मधल्या दोन आठवड्यांत एक कार्यक्रम होता, त्यालाही त्यांनी जुना नियम पाळायला लावला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

दुसरा ठराव विद्या शेवडेंच्या नाटुकल्याचा. विद्याताई कमिटीतच होत्या. वडील आजारी म्हणून त्या पुण्याला गेल्या होत्या, आणि मीटिंग संपता संपता कुणीतरी म्हणालं, कार्यक्रम लांबतोय, नाटुकलं काढून टाकू. हात वर झाले, ठराव झाला. विषय निमंत्रणात नव्हता. इथला नियम असा की ज्या विषयावर मत घ्यायचं तो मीटिंगच्या निमंत्रणात लिहिलेला हवा, म्हणजे न येणाऱ्यालाही कळतं की आपल्यामागे काय ठरणार आहे. बाईंनी ठराव परत पाठवला. या वेळी पाच जण जमले नाहीत. नाटुकलं झालं, आणि खरं सांगायचं तर फार कंटाळवाणं झालं. मी तसं बाईंजवळ बोललो.

"हो, रटाळ होतं," बाई म्हणाल्या. "पण त्याचा काय संबंध?"

आता इराबद्दल सांगायला हवं. इरा म्हणजे बाईंची नात, मुलाची मुलगी, तेव्हा सहा-सात वर्षांची. मुलगा समीर आणि सून गौरी दोन स्टेशनं पलीकडे राहायचे. दोघंही नोकरी करणारे, त्यामुळे इरा दर गुरुवारी शाळा सुटली की आजीकडे असायची. इराला मराठी सगळं समजायचं. उत्तर मात्र जर्मनमध्ये. आजी विचारणार, "दूध पितेस का?" नात म्हणणार, "नाइन, ओमा." नको, आजी. घरोघरी हेच, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही. बाईंना वाटायचं. एकदा त्या मला म्हणाल्या, "मी तिच्याशी बोलते आणि ती मला कळवते. याला काय बोलणं म्हणायचं?" बाईंच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिली तक्रार.

तर बाईंनी इराला नकाराधिकार दिला होता. नियम असा: आठवड्यातून एकदा इरा ताटातल्या कुठल्याही एका पदार्थाला नको म्हणू शकते, पण कारण मराठीत द्यायचं. टेबलावरच्या दोन तृतीयांश लोकांनी तिचं कारण फेटाळलं तर मुकाट्याने खायचं. आजी अध्यक्ष, तिला मत नाही. गुरुवारी टेबलावर दोघीच असायच्या, म्हणजे मत फक्त इराला. त्यामुळे गुरुवारी इरा कधीच हरली नाही. रविवारी आई-बाबा असायचे, ते दोघं एका बाजूला आणि इरा एका बाजूला. रविवारी ती नेहमी हरायची. म्हणून पोरगी आपला नकार गुरुवारसाठी जपून ठेवायची.

एका गुरुवारी सहाला मी सहीसाठी गेलो तेव्हा जेवण चालू होतं. ताटात दोडका होता. इरा भुवया आक्रसून विचार करत होती. मग तिने एकेक शब्द शोधून काढला.

"मला दोडका नको. कारण... तो तोंडात रडतो."

बाईंनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे ते जसंच्या तसं लिहून घेतलं. खाली तारीख घातली, सही केली आणि दोडका बाजूला काढला.

"हे कारण झालं?" मी विचारलं.

"कारण बरोबर असलंच पाहिजे असं नाही. असलं पाहिजे, एवढंच."

आधीची पानंही त्यांनी मला दाखवली. कारलं नको, कारण ते माझ्यावर रागावलंय. भेंडी नको, कारण ती कालचीच आहे आणि मी आजची आहे. इरा वर्षभरात जेवढं मराठी बोलली असेल त्यातलं निम्मं त्या पानांवर होतं, आणि सगळं नकोनकोचं. बाईंना त्याचं अप्रूप होतं. पण त्या म्हणायच्या, "नको म्हणण्याइतकं आलंय. हवं म्हणायला शाळाच पाहिजे."

शनिवारची मराठी शाळा. बाईंच्या मनात ती बरीच वर्षं होती, पण अध्यक्षाने ठराव मांडायचा नाही असं त्यांनीच लिहून ठेवलेलं. त्यामुळे त्या सुचवायच्यासुद्धा नाहीत. आम्हाला सगळ्यांना ठाऊक मात्र होतं.

त्यांची सत्तरी आली. पाटणकरांना कल्पना सुचली की वाढदिवसाच्या आठवड्यात मीटिंग आहे, केक आणू आणि तिथेच शाळेचा ठराव पास करून बाईंना सरप्राइज देऊ. चर्चच्या हॉलमधली खोली शनिवारी मिळते, पाटणकरांनी चौकशीसुद्धा करून ठेवली होती. सप्टेंबरपासून सुरू. सगळं छान. अडचण एकच, निमंत्रण बाईंनाही जातं. त्यात विषय लिहिला तर सरप्राइज कसलं? पाटणकर मला म्हणाले, "तू 'इतर' असं लिही." कल्पना माझी नव्हती, पण निमंत्रण माझ्या हातचं होतं. मी 'इतर' लिहिलं.

मीटिंगला आम्ही चौघं होतो. तिघं आले नाहीत, विषय साधेच दिसत होते म्हणून. त्यात विद्याताईही होत्या. चार विरुद्ध शून्य. पाटणकरांनी ठराव वाचून दाखवला आणि कागद केकच्या बाजूला ठेवला. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. त्यांचे डोळे भरून आलेले मी त्याच दिवशी पाहिले. केक कापला, सगळ्यांना दिला. मग कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "वाचून बघते." आम्हाला वाटलं, बाई भारावल्यात.

तेराव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'इतर'. मी ऑफिसातून थेट पायऱ्या चढून गेलो. टेबलावर ठराव होता आणि शेजारी त्यांच्या अक्षरातला दुसरा कागद.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "पण एक ऐका. तुम्ही सही करू नका. परतही पाठवू नका. उद्याचा दिवस तेवढा जाऊ दे. आपोआप मंजूर होईल. तुमचंच कलम आहे."

"मला कळलं नसतं तर तसं झालं असतं. मला कळलंय. कळून गप्प बसले तर ती माझी सहीच झाली."

"कुणी तक्रार करणार नाहीये हो."

"विद्याचं नाटुकलं काढलंत तेव्हा काय लिहिलं होतं मी? ती तेव्हाही नव्हती, आत्ताही नव्हती. मला नको असलेला ठराव परत पाठवायला काय लागतं, चिटणीस? ते कुणीही करेल."

चिटणीस म्हणाल्या, तेव्हा मी समजलो. दुसरा कागद माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं: विषय निमंत्रणात नव्हता. तीन सभासदांना न कळता निर्णय झाला. ठराव मला मनापासून हवा आहे, म्हणूनच तो असा घेता येत नाही.

मला बाईंचा राग आला. सरळ सांगतो, खूप आला. पायऱ्या उतरताना मी स्वतःशीच बडबडत होतो, की ही बाई थर्मासला आणि नातीच्या भाषेला एकच फूटपट्टी लावते. पाटणकरांनी तर फोनवर पाच मिनिटं मला फैलावर घेतलं, जणू ते कलम मीच लिहिलं होतं.

रीतसर निमंत्रण काढून पुन्हा मीटिंग झाली. आता पाच मतं हवी होती. मधल्या दिवसांत गैरहजर तिघांना कळलं होतं की आपल्यामागे केक कापून काय ठरलं होतं, आणि ते दुखावले होते. एकाला शाळा शेजारच्या एस्लिंगन गावात हवी होती. एक म्हणाला, भाषा घरी शिकवायची असते. विद्याताई म्हणाल्या, "मुलांना शनिवारी पोहणं असतं, त्यांच्यावर आणखी एक शाळा लादू नका." आणि मग बाईंकडे न बघता, "आणि आधी आम्हाला विचारलं असतंत तर गोष्ट वेगळी होती."

चार विरुद्ध तीन. एक मत कमी पडलं. विषय वर्षभरासाठी बंद.

मी इतिवृत्त लिहीत होतो, मान वर करायचं धैर्य झालं नाही. पाटणकर हॉलबाहेर बाईंना गाठून म्हणाले, "बाई, तुमचीच शाळा होती. तुम्हीच बुडवलीत."

"हो," बाई म्हणाल्या. स्टेशनपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेलो. "विद्याने निदान कारण दिलं," एवढंच त्या वाटेत बोलल्या.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात गौरीला कोलोनला मोठ्या हुद्द्याची नोकरी लागली. समीरला घरून काम करता येत होतं. ख्रिसमसच्या सुट्टीत ते तिघं तिकडे गेले. बाईंनी मला ते थर्मासच्या सुरात सांगितलं, आणि मीही त्याच सुरात ऐकलं.

वर्ष झालं. पाटणकरांनी शाळेचा ठराव पुन्हा मांडला. निमंत्रणात पहिलाच विषय, मी मुद्दाम जाड अक्षरात लिहिला. सात विरुद्ध शून्य, विद्याताईंचा हात सगळ्यांत आधी वर. मला वाटलं, आता तरी बाई तिथल्या तिथे सही करतील. कॅलेंडरवर गोल. चौदाव्या दिवशी सहाला सही झाली. शाळा सुरू झाली, अकरा मुलं आली. बाई दर शनिवारी छोट्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या नातवंडांना 'मला हवं' म्हणायला शिकवायच्या.

त्यानंतर लवकरच त्यांनी अध्यक्षपद सोडलं. माझंही कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, पण फाइली नव्या कमिटीकडे पोचवायचं काम माझ्याकडेच आलं. एका गुरुवारी गेलो. बाईंनी खोकं तयार ठेवलं होतं, वर यादी. मी यादी घेऊन एकेक फाइल तपासायला बसलो. सहा वाजता फोन वाजला. बाईंनी तो समोर बाटलीला टेकवून उभा केला. पडद्यावर इरा होती, केस कापलेली, पुढचे दोन दात मोठे आलेले.

"काय गं, आज जेवायला काय?"

"नूडल्न."

"आज काय नको?"

इरा कुठेतरी दुसरीकडे बघत होती. "आलेस गूट, ओमा." सगळं ठीक आहे.

बाई थोडं थांबल्या. कारणाची वाट बघत असाव्यात. मग म्हणाल्या, "बरं." आणखी दोन-चार वाक्यं झाली, इकडून मराठीत, तिकडून जर्मनमध्ये. फोन बंद करून बाई चहा टाकायला आत गेल्या.

'परत पाठवलेले' अशी एक पातळ फाइल होती. तीन ठराव, मला तोंडपाठ असलेले. त्यामागे चौथा कागद होता. कॅलेंडरचं पान. मागच्या बाजूला लहान मुलाच्या अक्षरात, रोमन लिपीत, पण मराठी:

मला कोलोन नको. कारण एक, तिथे आजी नाही. कारण दोन, आईला नको म्हटलं की ती ओके म्हणते. ती कारण विचारत नाही.

त्याखाली बाईंचं अक्षर. मिळाल्याची तारीख. मग: रविवारी टेबलावर ठेवले. मते, दोन विरुद्ध एक. दोन तृतीयांश पूर्ण. नकार फेटाळला. आणि त्याखाली, त्यांच्या प्रत्येक कागदावर असायची तशी, सहीसाठी पट्टीने ओढलेली रेघ. रेघेवर काहीच नव्हतं.

बाई चहा घेऊन आल्या. कागद माझ्या हातात होता.

"हा मंडळाचा नाही, बाई."

"माहीत आहे मला."

"सही राहिलीये याच्यावर."

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. कागद घेतला, चष्मा वर करून वाचला, जणू पहिल्यांदाच वाचत होत्या. मग फाइलमध्ये होता तिथेच परत लावला.

"राहिली नाही रे. चौदाव्या दिवशी पेन घेऊन बसले होते. करवेना." फाइलची दोरी त्यांनी नीट बांधली आणि फाइल खोक्यात ठेवली. "गप्प बसले. झालं आपोआप मंजूर. चहा घे तुषार, गार होतोय."